लेंडीपारची खानेसुमारी

मौजे भोगरखेड हे सरकारी दप्तरात एक गाव होतं. प्रत्यक्षात ते बघायचं तर चार ठिकाणी पायपीट करावी लागे. उंद्रीकडून येणारी गाडीवाट जिथे संपते तिथे भोगरखेड खास. पाटील, पटवारी, चावडी, मारुती, बारमाही पाण्याची विहीर, असं जे जे म्हणून गावाला शोभतं ते सगळं तिथेच, आणि त्याचा तोराही तिथेच. त्याच्या उगवतीला धोत्रवाडी. तिथली माणसं वीतभर बांधासाठी तीन तीन पिढ्या एकमेकांशी बोलत नसत आणि त्याला इज्जत म्हणत. डोंगराच्या अंगाला वरली टाकी. तिथे टाकी कधी नव्हतीच, पाणीही बेताचंच, पण एकदा ठेवलेलं नाव कोण मागे घेतो? आणि चौथी वस्ती लेंडी नाल्याच्या पलीकडची, लेंडीपार. चाळीस-बेचाळीस घरं. नाला पावसाळ्यात ओलांडता येत नसे आणि उरलेल्या आठ महिन्यांत तो ओलांडावा असं अलीकडच्या कोणाला वाटत नसे. शेतसाऱ्याच्या दिवसांत मात्र सरकारला लेंडीपारची वाट बरोबर सापडे.

या लेंडीपारात कडूबा शेळके जन्माला आला. त्याच्या आधीचे तीन भाऊ पाळण्यातच गेले होते. चौथ्याला तरी कोणाची नजर लागू नये म्हणून आईनं असलं नाव ठेवलं. ते लागू पडलं आणि कडूबा जगला. वाडीत अशी नावं घरटी एक तरी होती. उकंडा, धोंडा, दगडू, केरबा. परक्या माणसानं संध्याकाळी आयांच्या हाका ऐकल्या असत्या तर इथे पोरांना बोलावतात की अंगण झाडतात, असा प्रश्न त्याला पडला असता. नजरेची भीती नुसत्या नावापुरती नव्हती. पोरं मोजायची नाहीत, गुरं मोजायची नाहीत, टोपल्यातल्या भाकरीसुद्धा मोजायच्या नाहीत. मोजलं की घटतं, हा तिथला कायदा, आणि तो इंग्रजाच्या कायद्यापेक्षा कितीतरी कसोशीनं पाळला जाई. "लेकरं किती?" असं कोणी विचारलंच तर बाई म्हणे, "हायेत दोन-चार", मग ती दोन असोत नाहीतर सात.

कडूबात इतरांपेक्षा वेगळं एवढंच होतं की त्याला वाचता येत होतं. हा दोष त्याला खामगावात जडला. दसऱ्यानंतर तो तिथल्या कापसाच्या जिनात कामाला जाई. आधी सरकी उपसण्याचं काम होतं, पुढे रुईच्या गाठींवर व्यापाऱ्यांची नावं नि नंबर काळ्या रंगानं रंगवण्याचं मिळालं. सहा हंगाम तो परक्यांची नावं रंगवत राहिला आणि सातव्या हंगामात त्याच्या लक्षात आलं की आपल्याला आता दुकानाची पाटीही वाचता येते. तेव्हापासून वाडीत कागद आला की तो कडूबाच्या हातात जाई. कडूबा घसा साफ करून वाचे, दोन शब्द अडले तर स्वतःच्या मनाचे घाली. ऐकणाऱ्यांना फरक कळण्याची सोय नव्हती.

मानमोडीची साथ आली त्या वर्षी कडूबा नेहमीप्रमाणे खामगावला होता. ताप भरायचा, माणूस मान टाकायचं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी संपायचं, म्हणून लोक तिला मानमोडी म्हणत. तालुक्याहून चावडीवर छापील कागद आले. कोतवालानं ते वाटले. लेंडीपारचा कागद त्यानं नाल्याच्या काठावर दगडाखाली ठेवला आणि पलीकडे हाक मारली. त्याचाही जीव त्याला प्यारा होता. लोकांनी कागद आणला, सुलटा पाहिला, उलटा पाहिला. छापील कागद म्हणजे पट्टी नाहीतर समन्स, असा बापजाद्यांपासूनचा अनुभव. वाचणारा तर गावी नव्हता. तेव्हा तो कागद कडूबाच्याच घराच्या छपरात नीट खोचून ठेवला गेला. कडूबा आला की वाचील, असं ठरलं.

कडूबा दिवाळीला आला. तोवर त्याची सात वर्षांची गोदावरी आणि चार वर्षांचा शिवराम दोघं गेली होती. दोन वर्षांची धाकटी तेवढी आजारातून उठली होती. बायकोनं, सुभद्राबाईनं, छपरातला कागद काढून त्याच्या पुढ्यात टाकला. त्यानं तो वाचला, एकही शब्द मनाचा न घालता. तापकऱ्यास उकळून निववलेलं पाणी भरपूर पाजावं, पाणी तोडू नये. गोळ्या चावडीवर फुकट मिळतील.

वाडीत तापाला पाणी तोडायची रीत होती. गोदावरी दोन दिवस पाणी मागत होती आणि सुभद्राबाईनं काळजावर दगड ठेवून ते दिलं नव्हतं, पोरगी वाचावी म्हणून. तिनं कागद ऐकून घेतला, उठली आणि गोठ्यात जाऊन बसली. गोळ्यांचं म्हणाल तर उत्तमराव पाटलांनी त्या चावडीच्या कपाटात कुलूप लावून जपून ठेवल्या होत्या. लेंडीपारचं कोणी मागायला आलं नाही आणि मागितल्याशिवाय देण्याची पाटील घराण्यात पद्धत नव्हती. त्या महिन्याभरात लेंडीपारातली सत्तरच्या वर माणसं गेली. पाटलांनी नाला ओलांडला नाही, त्यामुळे मयतांच्या नोंदीही केल्या नाहीत. न पाहिलेलं लिहायचं कसं? पाटील सचोटीचे होते.

धाकटीला सुभद्राबाईनं रीतीप्रमाणे उकिरड्यावर टाकलं. शेजारच्या तानुबाईनं तिला उचललं आणि मूठभर ज्वारी घेऊन परत आईला विकलं. विकत घेतलेल्या पोरीवर मरणाचा हक्क पोचत नाही. तिचं नाव उकंडी पडलं.

त्या वर्षापासून कडूबानं जिनात जाणं सोडलं. वाडीतला एकुलता एक वाचणारा वाडी सोडून जायला भिऊ लागला. तो धाडच्या बाजाराला गेला नाही, सासुरवाडीच्या लग्नालासुद्धा बायकोला एकटीलाच पाठवलं. सकाळ-संध्याकाळ नाल्याच्या काठावर जाऊन दगडाखाली काही कागद ठेवलाय का ते बघून यायचं, एवढा एकच नेम. लोक हसले, मग सवयीचं झालं. कडूबाला मात्र एक गोष्ट कळून चुकली होती. एक माणूस किती वर्षं काठावर पहारा करणार? वाडीत दुसरा वाचणारा पाहिजे, तिसरा पाहिजे, आणि त्यासाठी शाळा पाहिजे. विद्या, संस्कार, उन्नती असले शब्द सभांमधून फिरत होते, ते त्याच्यापर्यंत पोचले नव्हते. पुन्हा कधी छपरात कागद खोचून ठेवण्याची वेळ येऊ नये, इतकंच त्याचं मागणं होतं.

तिसऱ्या वर्षी तो अर्ज घेऊन पटवाऱ्याकडे गेला. वामनराव पटवारी म्हणजे चारही वस्त्यांचं दप्तर एका खांद्यावर वाहणारा माणूस, असं ते स्वतः सांगत.

"शाळा भोगरखेडात आहे ना रे कडूबा," वामनराव म्हणाले.

"नाला हाये ना मधात, रावसायब. चार महिने पोट्टे कसे येतीन?"

"चार महिने तुमची पोरं निंदण-खुरपणीलाच असतात. नुकसान कसलं?"

कडूबा तिथेच बसून राहिला. तासाभरानं वामनरावांना त्याच्या बसण्याचा कंटाळा आला. ते म्हणाले, "बोर्डाचा ठराव आहे. वस्तीत दोनशे डोकी भरली तर वेगळी शाळा. यंदा खानेसुमारी आहे. भर डोकी, घे शाळा. आणि असं कर, लेंडीपारची गणती तूच कर. नाही तरी पलीकडे जाणार कोण?"

अशा रीतीनं, जिथे मोजणं हे पाप, त्या वाडीत कडूबा शेळके मोजणीदार झाला.

पहिलं काम घरांना नंबर टाकायचं. गाठींवर नंबर टाकण्यात त्याची हयात गेली होती. गेरू कालवून त्यानं दारादारावर झोकदार आकडे काढले. दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीतल्या बायांनी सडा-सारवण केलं ते भिंतीच्या छातीपर्यंत. एकही आकडा उरला नाही. प्लेगाच्या साली सरकारनं अशाच खुणा करून घरं खाली करवली होती, हे त्या विसरल्या नव्हत्या. कडूबानं पुन्हा आकडे काढले, पुन्हा सारवले गेले. शेवटी त्यानं हात टेकले आणि नंबर नुसते वहीत लिहिले. तेवढ्या पंधरा दिवसांत लेंडीपारच्या भिंती जितक्या स्वच्छ झाल्या तितक्या कधीच नव्हत्या.

मग माणसं मोजायला तो दारोदार फिरला. रंगराव त्याचा लंगोटीयार. त्याच्या ओट्यावर पाच पोरं गोट्या खेळत होती.

"रंग्या, घरात किती जन लिवू?"

"मी नं माही बायको. लिव."

"अन् हे पोट्टे?"

"कोन्ते पोट्टे?" रंगरावानं आभाळाकडे बघत विचारलं. तेवढ्यात त्याच्या बायकोनं आतून "इकडं मरा बे" म्हणून पाचही पोरं घरात ओढून दार लावलं.

सगळीकडे हीच तऱ्हा. लेकरं तुराट्यांच्या गंजीमागे, कणगीत, माळ्यावर. एका बाईनं अंगावर पिणारं मूल पदराखाली असताना कडूबाच्या डोळ्याला डोळा भिडवून सांगितलं की देवानं अजून ओटी भरली नाही. शाळा सगळ्यांना हवी होती, त्यासाठी कडूबाला आशीर्वादही भरपूर मिळाले, फक्त ज्यांना शिकवायचं ती पोरं कोणाला नव्हती. बेरीज झाली एकशे एकोणतीस.

वही घेऊन तो तानुबाईच्या ओट्यावर येऊन बसला. तानुबाई वाडीतली सगळ्यात म्हातारी. तिचा मुलगा दगडू, सून, नारायण आणि त्याची बहीण अशी दोन नातवंडं, चौघंही मानमोडीत एका आठवड्यात गेली होती. घरात ती आणि एक शेळी. जीभ मात्र तशीच धारदार.

"आजी, एकशे एकोनतीस झाले," कडूबा म्हणाला. "शाळा गेली समज. सांगून सांगून थकलो, कोनी पोट्टं सांगत नाही."

"कसे सांगतीन? तू सोता सांगतलं का तुह्या पोट्टीचं?"

कडूबानं खाली पाहिलं. वहीत त्याच्या घरी नवरा आणि बायको, दोनच जीव होते.

तानुबाईनं शेळीला पाला टाकला. मग म्हणाली, "जित्याचं सांगतलं त नजर लागते, म्हून लोकं भेतात. मेलेल्याचं काऊन नाही इचारत?"

"म्हंजे?"

"मेलेल्याले काय नजर लागते बे? त्याहीचं काय घटनार हाये आता? सरकारले डोकी पाह्यजेत ना? घे डोकी. माह्या घरचे चार लिव. पह्यलं नारायनचं लिव."

कडूबा चिडला, उठून गेला. दोन दिवस त्यानं वहीला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी तो आला, ओट्यावर बसला आणि लिहिलं: नारायण, वय आठ.

ही गोष्ट वाडीत वाऱ्यासारखी पसरली आणि मग काय विचारता! ज्या दारांनी त्याला उभं केलं नव्हतं त्या दारांतून हाका येऊ लागल्या. जिवंत लेकरांची संख्या ज्यांना आठवत नव्हती त्या बायांना मेलेल्यांचं सगळं आठवत होतं. वय, वार, कपाळावरचा डाग, कुठला दात पडला होता, कशाला घाबरत असे. कडूबा म्हणे, नाव अन् वय पुरे. त्या म्हणत, लिव त सही. तीन वर्षांत त्या नावांची कोणी विचारपूस केली नव्हती. कोणी ती नावं उच्चारलीही नव्हती, कारण उच्चारली तर घरातली जिवंत माणसं ऐकतील आणि पुन्हा रडतील. आता सरकारनं माणूस पाठवला होता नावं विचारायला. बाया सांगत होत्या, रडत होत्या आणि मधेच वहीत डोकावून विचारत होत्या, "हे का? हे तिचं नाव?"

कडूबाचं घर शेवटी आलं.

"गोदीचं लिवा," सुभद्राबाई म्हणाली. "शिवरामचं लिवा."

"अन् हिचं?" त्यानं उकंडीकडे बोट न दाखवता विचारलं.

"हिचं नोका लिवू. तुमाले हात जोडतो."

त्यानं गोदावरी वय सात, शिवराम वय चार असं लिहिलं. मेलेल्यांचं वय वाढत नाही, तेवढीच मोजणीदाराची सोय. बेरीज दोनशे चार झाली.

वामनराव तपासणीला आले ते नाल्याच्या अलीकडच्या बाभळीपर्यंत. कडूबा वही घेऊन पाण्यातून गेला.

"दोनशे चार?" वामनरावांनी चष्मा वर केला. "तुमच्या वाडीत मानमोडी आलीच नव्हती काय रे?"

"आल्ती ना, रावसायब."

"मग एवढी माणसं उरली कशी? असो. शेवटची फेरी विसरू नको. मधल्या दिवसांत कोणी मेलं असेल तर त्याचं नाव तांबड्या शाईनं कापायचं."

कडूबानं हुकमाची तंतोतंत तामिली केली. मधल्या दिवसांत कोणीच मेलं नव्हतं. जे मेले होते ते सगळे आधीचेच होते. तेव्हा त्यानं एकही नाव कापलं नाही.

पुढे तालुक्यानं प्रत्येक मौज्याची माहिती मागवली. वामनरावांनी भोगरखेडच्या चारही वस्त्यांवर सुवाच्य अक्षरात टिपण लिहिलं. खास गाव पुरातन व संपन्न. धोत्रवाडीचे लोक मनमिळाऊ. वरल्या टाकीस पाण्याची मुबलकता. आणि लेंडीपारबद्दल असं: येथील हवा अत्यंत निरोगी, साथीच्या रोगाचा उपद्रव नाही, जन्मसंख्या वाढती. ज्यांनी ते टिपण वाचलं त्यांना त्यात काही खटकलं नाही, कारण त्यांच्यापैकी कोणी इकडे आलेलं नव्हतं. बोर्डानं लेंडीपारला शाळा मंजूर केली. अर्जासोबत शाळेच्या वयाच्या मुला-मुलींची यादी जोडायची होती. कडूबानं ती खानेसुमारीच्या वहीवरून उतरवून दिली. अडतीस नावं. मुलींचीही घातली. त्याला स्त्रीशिक्षणाचा काही कळवळा नव्हता, त्याला फक्त आकडा भरायचा होता.

मंजुरीचा कागद नाल्याच्या दगडाखाली सापडला तेव्हा कडूबानं तो तिथेच उभ्यानं दोनदा वाचला. पहिल्यांदा हसला. दुसऱ्यांदा खालची ओळ त्याच्या ध्यानात आली. पहिल्या दिवशी यादीतील निदान पंचवीस मुले हजर नसल्यास मास्तरांनी शाळा बंद करून परत यावे.

अडतिसांपैकी एकोणतीस जण मानमोडीत गेलेले होते. ते हजर राहू शकतील अशी चिन्हं नव्हती.

पुन्हा तानुबाईचा ओटा. तिनं डोकं खाजवलं आणि म्हणाली, "मास्तर कोनाले वयखते? ज्याच्या घरचं मेलं त्याच्या घरचं जितं उभं करा. नाव पुकारलं का हाजर म्हना."

आयांना ते एकदम पटलं. जित्याचं नाव तसंही कुठे लिहिलं जात नव्हतं. लेकरू शाळेत जाईल, नजर लागलीच तर मेलेल्याच्या नावाला लागेल. याहून सुरक्षित शिक्षण अख्ख्या वऱ्हाडात नव्हतं. कडूबाला मात्र ते पटलं नाही. पण शाळा जाईल या भीतीपुढे त्यानं ते चालू दिलं. आठ दिवस घराघरांत तालीम चालली. "तू गनपत. गनपत म्हनलं का?" "हाजर!" ज्यांच्या घरी मेलेली जास्त आणि जिवंत कमी, त्यांनी शेजाऱ्यांची पोरं उसनी घेतली. तानुबाईकडे कोणीच नव्हतं, तिनं रंगरावाचा धोंडू मागून आणला. त्याला गुळाचा खडा देऊन ती दिवसातून चार वेळा विचारी, "तुहं नाव काय?" आणि तो "नारायन" म्हणाला की आणखी एक खडा देई.

उकंडीला सुभद्राबाईनं शिकवलं नाही, कडूबानंही नाही. दोघंही दुसऱ्यानं शिकवलं असेल असं धरून चालले. शेवटी आदल्या दिवशी तानुबाईनंच तिला सांगितलं, "गोदावरी म्हनलं का हाजर म्हनजो." पोरगी सहा वर्षांची. तिनं मान हलवली.

लक्ष्मीकांत मास्तर मेहकरकडच्या भिक्षुक घरातले, वीस-एकवीस वर्षांचे, पहिलीच नेमणूक. नाला ओलांडताना त्यांचा एक जोडा वाहून गेला. तो एक पाय अनवाणी घेऊनच ते रंगरावाच्या सारवलेल्या गोठ्यात आले, देवाचं नाव घेतलं आणि यादी उघडली. पोरं रांगेत बसलेली. आया दाराबाहेर, खिडकीशी, अंगणातल्या गव्हाणीमागे. कडूबा उंबऱ्याशी.

"गणपत रंगराव."

"हाजर!"

"भागीरथी केरबा."

"हाजर!" असं एक गोटा केलेलं, शेंडीवालं पोरगं ओरडलं. मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं, यादीकडे पाहिलं आणि या भागात रीत निराळी असेल असं समजून पुढे गेले. एका नावाला दोन हाजर आले. एका नावाला कोणीच येईना, मग तीन आले. मास्तर नवे होते, एवढी उत्साही मुलं त्यांनी पाहिली नव्हती.

"नारायण दगडू."

"हाजर!" धोंडू इतक्या जोरानं ओरडला की ते गोठ्याबाहेरच्या तानुबाईपर्यंत पोचलं. तिनं तोंडावर पदर घेतला. कोणी तिच्याकडे पाहिलं नाही.

एकवीस झाले होते. कडूबा बोटांवर मोजत होता.

"गोदावरी कडूबा."

मास्तरांनी पुन्हा पुकारलं. उकंडी उभी राहिली. सगळ्यांकडे एकदा बघितलं. कडूबाला वाटलं आता म्हणेल, आता म्हणेल.

"ते नाही येनार, मास्तर," ती म्हणाली. "ते मेली. मी उकंडी आहो."

"मेली? कधी?"

"मानमोडीत. ते पानी मागे, पन देल्लं नाही."

कडूबाला नाल्यापलीकडे परत जाणारा मास्तर दिसू लागला. मास्तर यादी हातात धरून तसेच उभे होते. तेवढ्यात रांगेतून धोंडू उठला. खोटं पकडलं गेलं की छडी बसते एवढं त्याला ऐकून ठाऊक होतं.

"मास्तर, मी बी मेलो," तो म्हणाला.

"मी बी," भागीरथी म्हणून ओरडलेलं पोरगं उठलं.

"मी बी मेलो, मास्तर." "मी पन." "मी अन् हा, आमी दोघंबी." एकामागून एक पोरं उठत गेली. खाली बसलेली फक्त नऊ राहिली.

लक्ष्मीकांत मास्तरांनी उभ्या राहिलेल्या पोरांवरून नजर फिरवली. तरुण होते, पण मानमोडी मेहकरातही येऊन गेली होती, आणि त्यांना हे कोणी समजावून सांगण्याची गरज पडली नाही. त्यांनी यादी बाजूला ठेवली. मग एक कोरा कागद काढला, दौतीत टाक बुडवला आणि दाराकडे बघून म्हणाले, "मला जिवंत मुलांची नावं सांगा. पंचवीस झाली तरी शाळा राहील."

एकही बाई हलली नाही. रंगरावाची बायको भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. वाडीतली सगळी लेकरं समोर उभी होती, उजेडात, उघडी, आणि तरी त्यांना आहेत म्हणायची कोणाची छाती होत नव्हती. कडूबानं बायकोकडे पाहिलं नाही. तिच्याकडे मागायचा त्याला हक्क नव्हता.

सुभद्राबाई गव्हाणीमागून निघाली. उंबरा ओलांडून आत आली आणि पोरीच्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली.

"मले तीन लेकरं झाली," ती म्हणाली. प्रत्येक शब्द वाडीला ऐकू जाईल असा. "दोन गेली. एक हाये. हे हाये. उकंडी कडूबा शेळके, वय सहा. लिवा."

मास्तरांनी लिहिलं.

त्यानंतर रंगरावाची बायको आली. तिनं पाच सांगितली, पाचही बोटं धरून, आणि सांगून झाल्यावर भिंतीला टेकून हुंदके देत राहिली. मग केरबाची, मग बाकीच्या. सूर्य डोक्यावर येईपर्यंत टाक थांबला नाही. जुन्या यादीतली पोरं अडतीस होती, खरी एक्केचाळीस निघाली. म्हणजे सुरुवातीलाच सगळ्यांनी खरं सांगितलं असतं, अंगावरची लेकरंसुद्धा मोजू दिली असती, तर दोनशे डोकी जित्यांचीच भरली असती आणि कडूबाला एकाही मेलेल्याची गरज पडली नसती. पण हे त्याला आता कोणी सांगितलं नाही आणि त्यानंही कोणाला सांगितलं नाही.

सगळं आटोपल्यावर मास्तरांनी जुनी यादी उचलली. वर कोणाच्या हाती लागली तर कडूबा तुरुंगात जाईल, हे त्यांना दिसत होतं. ती फाडायला त्यांनी दोन्ही हातांत धरली.

"फाडू नोका, मास्तर," कडूबा उंबऱ्यावरून म्हणाला. तो सकाळपासून पहिल्यांदाच बोलत होता. "त्या साली पाटलानं आमच्या वाडीतली एकबी मौत लिवली नाही. खानेसुमारीची वही सरकारात गेली. हे पोट्टे जलमले व्हते, असं वाडीत दुसऱ्या कोन्त्याच कागदावर नाही."

मास्तरांनी यादीची घडी घातली आणि ती हजेरीपटात, नव्या यादीखाली ठेवली.